मयताच्या कामात कमिशनवर उतरण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात अंत्यविधीची सेवा देणारी एक कंपनी ‘फॅमिली ॲडव्हायझर’ नेमते आहे. पगार नाही, बिलाच्या १५ टक्के कमिशन. मयताची सगळी व्यवस्था, समाधी-कबरीचे दगड आणि ज्येष्ठांसाठी हप्त्याची आगाऊ योजना विकायची. वय २८, याआधी विमा आणि सिमकार्डं विकली आहेत. काम घ्यावं का, आणि महिन्याला किती सुटेल?

उत्तर:

घ्यायला हरकत नाही, पण सही करण्याआधी दोन गोष्टी बदलून मागा. कमिशन बिलाच्या टक्क्यात नको, प्रत्येक कामामागे ठरलेली रक्कम हवी. आणि हप्त्याची आगाऊ योजना तुमच्या कामातून वगळायला लावा. कंपनी या दोन्हींना तयार नसेल तर तिथे जाऊ नका. का, ते समजायला या धंद्यात पैसा कुठून येतो ते आधी बघायला हवं.

नोकरीचा हा साचा अमेरिकेतला. तिथले विक्रेते दोन कामं करतात: मृत्यू झाल्यावर घरच्यांसोबत बसून व्यवस्था ठरवायची, आणि माणूस हयात असतानाच त्याला त्याच्या अंत्यविधीची तयारी विकायची. तिथे दफनभूमी खासगी कंपनीच्या मालकीची असू शकते. त्यामुळे जागा, शवपेटी, शवपेटीभोवतीची काँक्रीटची पेटी, वर बसवायचा दगड असं एकाच घराला बरंच काही विकता येतं. तिथे १९८४ पासून एक नियमही आहे: अंत्यविधी करणाऱ्याने प्रत्येक बाबीची किंमत वेगवेगळी लिहून ग्राहकाच्या हातात द्यायची. आपल्याकडे साचा आला, नियम तिकडेच राहिला.

सोलापुरात विकायला जमीनच नाही. अंत्यसंस्काराच्या जागा पुरवणं आणि राखणं हे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे पालिकेचं बंधनकारक काम आहे. मोदी, रूपाभवानी या स्मशानभूमी तशाच. लिंगायत समाजाच्या रुद्रभूमी, कब्रस्तानं, ख्रिस्ती दफनभूमी त्या त्या समाजाच्या किंवा ट्रस्टच्या देखरेखीखाली. तेव्हा कंपनीच्या माहितीपत्रकात ‘जागा आरक्षित’ असं कुठे दिसलं तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड कुणाच्या नावावर आहे ते विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर बाकीचं माहितीपत्रकही त्याच नजरेने वाचा.

बाजार केवढा? २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. हजारी सहा मृत्यू धरले तर वर्षाला साधारण ५,७००, म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा. हा ढोबळ हिशेब आहे, पण डोळे उघडायला पुरतो. कारण यातली बहुतेक मयतं आजही गल्ली, भावकी, समाजाचं मंडळ आणि तालमीची पोरंच उरकतात. तिरडी बांधणारा माणूस प्रत्येक पेठेत ठरलेला असतो आणि तो पैसे घेत नाही. पूर्व भागात किंवा विडी घरकुलात ‘पॅकेज’ घेऊन गेलात तर लोक तोंडावर बोलणार नाहीत, पण दुसऱ्यांदा दारात उभंही करणार नाहीत. पैसे देऊन सेवा घेणारी घरं ठरावीक. मुलं पुण्यात, हैदराबादेत किंवा परदेशात आणि आईवडील इथे एकटे, अशी. नव्याने झालेल्या सोसायट्यांतली, जिथे खांदा द्यायला चार शेजारी मिळतील याची खात्री नाही. आणि तिसरी, बाहेरगावची. सिव्हिलमध्ये आणि इथल्या मोठ्या खासगी दवाखान्यांत धाराशिव, लातूरकडून, विजयपूर-कलबुर्गीकडून पेशंट येतात. पेशंट दगावला की त्यांना इथला विधी नको असतो, गावापर्यंत गाडी हवी असते. सोलापुरातल्या या धंद्याचा भरवशाचा भाग म्हणजे ही वाहतूक, आणि माहितीपत्रकात नेमकं तिलाच शेवटचं पान मिळालेलं असतं.

आता टक्क्यांचं बघू. समजा, एका मयताचं बिल २०,००० रुपये झालं. त्यातले लाकूड, सामान, पालिकेची पावती, गुरुजींची दक्षिणा असे ९,००० सरळ बाहेर जातात. गाडी आणि डिझेल २,५००, दोन माणसं २,०००. कंपनीच्या हातात उरतात ६,५००. तुम्हाला २०,००० वर १५ टक्के म्हणजे ३,००० दिले तर उरलेल्यातला जवळपास निम्मा भाग तुमच्याकडे आला. ऑफिस, फोनवरची माणसं, गाडीचा हप्ता यांसाठी राहिले ३,५००. एवढ्यावर कंपनी फार दिवस चालत नाही. मग दोनपैकी एक होतं. कमिशन ‘नक्त रकमेवर’, म्हणजे खर्च वजा जाता उरलेल्यावर आहे, असं तिसऱ्या महिन्यात कळतं; किंवा बिल फुगवायला तुम्हाला भाग पाडलं जातं. हाराची किंमत तिप्पट होते, ‘चंदनकाष्ठ’ नावाची ओळ वाढते. खऱ्या चंदनाचा भाव माहीत असलेल्या माणसाला त्या ओळीकडे बघून हसू येतं: पाकिटात भुकटी असते, वासाचं तेल लावलेली. चंदन द्यायचंच असेल तर बिलात ‘चंदन भुकटी, ५० ग्रॅम’ असं लिहा.

टक्केवारीत याहून मोठा दोष आहे. ज्या घरात तासाभरापूर्वी माणूस गेला, तिथे कुणी भाव करत नाही. त्या घडीला बिल वाढवणं सगळ्यांत सोपं, आणि टक्केवारी तुम्हाला तेच करायला लावते. दहाव्याला भावकी एकत्र बसते तेव्हा बिल हातोहात फिरतं. सोलापूर मोठं शहर असलं तरी नात्यागोत्याने लहान आहे. एका फुगवलेल्या बिलाने अख्खी पेठ बंद होते. म्हणून कामामागे १,००० किंवा १,२०० अशी ठरलेली रक्कम मागा. बिल १२,००० असो की ४०,०००, तुमचे पैसे तेच. वाहतुकीच्या फेरीमागे वेगळा दर, दगडामागे वेगळा.

फोन आल्यावर

या कामातलं खरं कौशल्य पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. दर सांगायची घाई करू नका. आधी विचारा: मृत्यू घरी झाला की दवाखान्यात? किती वाजता? अपघात, भाजणं, विषबाधा, सर्पदंश, आत्महत्या यांपैकी काही आहे का? कोण यायचं राहिलंय आणि कुठून? घरात दहन करतात की माती देतात? या पाच उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं.

अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय देह ताब्यात मिळत नाही. तेव्हा ‘दोन तासांत गाडी लावतो’ असं बोलून बसू नका. नातेवाइकांपैकी एकाने पोलीस ठाण्यातली कागदपत्रं बघायची, एकाने शवागाराशी थांबायचं, अशी वाटणी करून द्या. घरी मृत्यू झाला असेल तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, नमुना ४अ, घ्यायचं. अनेक घरं इथेच अडकतात. वर्षभर कुणा डॉक्टरला दाखवलेलंच नसतं, आणि रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टर सही द्यायला तयार नसतो. ज्येष्ठ एकटे राहतात त्या घरी ओळखीचा डॉक्टर कोण आणि त्याचा नंबर काय, एवढं आधी लिहून ठेवलं तरी मोठं काम होतं. दवाखान्यातला मृत्यू असेल तर नमुना ४ तेच देतात, नोंदही तेच कळवतात.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, एक वर्षापर्यंत लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पहिला दाखला मोफत मिळतो, हे घरच्यांना तुम्हीच सांगा. धावपळीचे पैसे घ्यायचे असतील तर ‘धावपळ’ असंच लिहून घ्या, ‘दाखला फी’ म्हणून नको. सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. दवाखान्यात भरती करताना कुणीतरी ‘नागूबाई’ लिहिलेलं असतं आणि आधारवर ‘नागम्मा’ असतं. पुढे बँक, पेन्शन, विमा सगळं अडतं आणि दुरुस्तीला महिने जातात. पावती करण्याआधी आधार कार्ड समोर ठेवून नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अक्षर अक्षर ताडून घ्या. या दोन मिनिटांना कमिशन नाही, पण पुढचं काम याच दोन मिनिटांमुळे येतं.

फ्रीजर पेटी विकताना विक्रेते सर्वाधिक चुकतात. पुण्याहून मुलगा यायचा असेल आणि बाहेर ४३ अंश असेल तर पेटी लागतेच. पण ती देह ठेवण्याआधी तासभर रिकामी चालवून थंड करून घ्यायची. साध्या घरगुती प्लगवर चालते, मात्र एक्स्टेन्शनची बारीक वायर तापते. जाड वायर गाडीतच ठेवा. वीज गेली तर काय, ते आधी ठरवा, छोटा जनरेटर किंवा बर्फाच्या लाद्या. झाकण वारंवार उघडलं की आत पाणी सुटतं आणि काच धुकटते. दर्शनासाठी काच पुसा, झाकण उघडू नका.

लिंगायत घरी मात्र पेटीचं नाव काढण्याआधी थांबा. तिथे देह बसलेल्या स्थितीत समाधीत ठेवतात आणि विमानातून, म्हणजे सजवलेल्या पालखीतून, बसवूनच नेतात. मृत्यूनंतर दोन ते चार तासांत अंग ताठरायला लागतं, बारा तासांच्या सुमारास पूर्ण ताठरतं, आणि उकाड्यात हे आणखी लवकर होतं. देह आडवा पेटीत ठेवला तर नंतर बसवता येत नाही. ओढाताण करून बसवायची वेळ आली की घरच्यांच्या मनावर तो प्रसंग कायमचा कोरला जातो, आणि त्यासोबत कंपनीचं नावही. अशा घरी जंगम स्वामींना, म्हणजे त्यांच्या पुरोहितांना, पहिला फोन, देह बसवणं लगेच, आणि माती शक्य तितक्या लवकर. तुमच्याकडून त्यांना खड्डा खणणारी माणसं, विमान, फुलं, विभूती, बेलपत्र, मीठ आणि गाडी एवढंच हवं असतं. मुस्लिम घरी तर पेटीचा आणि रसायनांचा विषयच नको. गुस्ल (देहाला अंघोळ), कफन, जनाजा त्यांचे लोक करतात आणि लवकर दफन करण्यावर त्यांचा भर असतो. मागितली तर गाडी द्या, एवढंच. ख्रिस्ती घरी शवपेटीचं माप आधी विचारा. लांबी सगळे विचारतात, खांद्याची रुंदी विसरतात.

तेलुगु भाषक पद्मशाली घरांत पद्धती घरागणिक वेगळ्या. अंदाज बांधू नका, घरातल्या मोठ्या बाईला विचारा. खरं म्हणजे या शहरात मराठीइतकंच कन्नड आणि तेलुगु कानावर असणं ही या नोकरीतली खरी पात्रता. ‘अण्णा, अम्मा’ म्हणून चार वाक्यं त्यांच्या भाषेत बोलता आली तर माहितीपत्रक उघडावंच लागत नाही.

दहनाचं सामान तुम्हाला तोंडपाठ हवं: तिरडीचे दोन लांब बांबू आणि आडव्या कामट्या, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गोवऱ्या, तूप, कापूर, राळ, काळे तीळ, दर्भ, तुळस, गुलाल-बुक्का, हार, उदबत्ती. लाकूड साधारण ३०० ते ३५० किलो. पावसाळ्यात ओलं आलं तर जास्त लागतं आणि वेळही वाढतो, म्हणून जून ते सप्टेंबर वखारीत जाऊन लाकूड डोळ्यांनी बघा. विद्युत किंवा गॅस दाहिनी असेल तर दीड तासाच्या आसपास काम होतं, पण नारळ, काचेची बाटली, प्लास्टिक आत जाता कामा नये.

एक प्रश्न कुणालाच विचारायला सुचत नाही: छातीत पेसमेकर बसवलाय का? असेल तर दहनाआधी तो काढून घ्यावाच लागतो, उष्णतेने त्यातली बॅटरी फुटते. दवाखान्यातच काढून मिळतो, घरी देह आणल्यावर मात्र डॉक्टर शोधत फिरावं लागतं. आणि मृताची नेत्रदानाची इच्छा होती का, हेही विचारा. सहा तासांच्या आत व्हावं लागतं. तोवर डोळे मिटून वर ओला कापूस, डोकं उशीवर थोडं उंच, पंखा बंद. यात तुम्हाला एक रुपया मिळत नाही, मिळूही नये.

वाहतुकीचा दर सांगताना जाऊन-येऊन किलोमीटर धरलेत की एकाच बाजूचे, हे बोलताना स्पष्ट करा. विजयपूर, कलबुर्गी इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत. नातेवाईक शंभराचा हिशेब मनात धरतात, ड्रायव्हर दोनशेचे मागतो, आणि भांडण गावाच्या वेशीत देह गाडीत असताना होतं. थांबण्याचे पैसे, टोल, रात्रीचा दर हे सगळं निघण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि ‘ठीक आहे’ असं उत्तर घ्या. देह विमानाने पाठवायचा असेल तर रसायन भरल्याचा दाखला, शवपेटी सीलबंद केल्याचा दाखला, पोलिसांचं ना-हरकत पत्र आणि मृत्यूचा कागद, हे चारही हातात आल्याशिवाय तिकिटाचं बोलू नका.

दगड आणि समाधी

आणीबाणीच्या कामापेक्षा हे काम विक्रेत्याला जास्त साजतं. घाई नसते, घरचे शांत असतात, नमुना दाखवता येतो. पण सोलापूरची काळी माती लक्षात ठेवा. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ताज्या खड्ड्यावर दोन-तीन महिन्यांत जड ग्रॅनाइट बसवलं की पहिल्याच पावसात एक कोपरा खचतो आणि पाटी तडकते. माती द्यायच्या दिवशी साधी खूण लावा, एक पावसाळा जाऊ द्या, मग बांधकाम. बांधताना कडेने मुरूम लागेपर्यंत खणून पाया घ्यायचा, चार इंच काँक्रीट, त्यावर वीट. बाजूला शहाबादी फरशी चालते. नावाच्या पाटीला मात्र शहाबादी नको, तिचे पापुद्रे सुटतात. काळं ग्रॅनाइट घ्या आणि अक्षरं कोरून भरलेली हवीत. वरवर रंगवलेली उन्हाने दोन वर्षांत जातात.

मजकूर घरातल्या एकाच माणसाकडून, कागदावर, सहीसकट घ्या. कन्नड किंवा तेलुगु अक्षरं असतील तर ती भाषा वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्या. कोरणारा चित्र बघून कोरतो, एक काना राहिला तरी त्याला कळत नाही. चुकलेली पाटी परत घडवायचा खर्च बहुतेक कंपन्या विक्रेत्याच्या कमिशनमधून कापतात, म्हणून तो सहीचा कागद तुमचं संरक्षण आहे. आणि काम घेण्याआधी रुद्रभूमीच्या किंवा दफनभूमीच्या कमिटीची लेखी परवानगी. काही ठिकाणी पक्कं बांधकाम चालतच नाही.

आगाऊ योजनेपासून लांब का राहायचं

योजना अशी असते: महिन्याला ५०० किंवा १,००० भरा, आजचाच दर कायम राहील, मृत्यूनंतर सगळं आम्ही करू. ऐकायला बरी वाटते. कायद्यात मात्र ती नेमकी अडकते. कंपनी कायद्याखालच्या ठेवींच्या नियमांत, सेवेपोटी घेतलेला आगाऊ पैसा ३६५ दिवसांत त्या सेवेपोटी वापरला गेला नाही तर तो ठेव धरला जातो. मृत्यू ३६५ दिवसांत यावा अशी योजना कुणी विकत नाही! म्हणजे पैसा वर्षानुवर्षं कंपनीकडे राहणार, तो ठेव ठरणार, आणि ठेवी घ्यायची परवानगी कंपनीकडे नसणार. अनियंत्रित ठेव योजनांना बंदी घालणारा २०१९ चा कायदा अशा योजनेत लोकांना ओढणाऱ्यालाही शिक्षा सांगतो, फक्त मालकाला नाही. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा वेगळा आहेच. कंपनी बुडाली तर संचालक कुठे आहेत ते कुणाला सापडत नाही. तुमचं घर मात्र सगळ्यांना माहीत असतं.

‘हे विम्यासारखंच आहे’ हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. विमा विकलेल्या माणसाच्या तोंडी ते आपसूक येतं. विमा विकायला विमा नियामकाकडे नोंदणी असलेल्या कंपनीची एजन्सी लागते, आणि ही विमा कंपनी नव्हे.

याच ग्राहकाला दुसरी गोष्ट देता येते, आणि ती खपतेही. तिला ‘इच्छापत्रिका’ म्हणा किंवा काहीही. दोन पानांचा कागद: दहन की दफन, कुठल्या पद्धतीने, कोणाला आधी कळवायचं, डॉक्टर कोण, पेसमेकर आहे का, नेत्रदान करायचं का, अस्थी चंद्रभागेत की हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमात, खर्चाची कमाल मर्यादा किती. त्यासोबत कंपनीचं सहा महिने टिकणारं बाबवार दरपत्रक. आगाऊ रक्कम शून्य. पैसे ज्येष्ठाने मुलाच्या किंवा बायकोच्या नावासह संयुक्त बचत खात्यात ठेवावेत, दोघांपैकी कुणालाही काढता येतील असं. नुसतं नामनिर्देशन पुरत नाही, कारण त्यासाठी बँक मृत्यूचा दाखला मागते आणि खर्च तर त्याच दिवशी असतो. कंपनीने तुम्हाला या नोंदणीमागे ठरलेले १५०-२०० द्यावेत आणि पुढे त्या घरचं काम आलं तर त्याचे वेगळे. त्यातून पैसा हळूहळू येतो, पण रात्री झोप लागते.

हे बोलायला ज्येष्ठांचे कट्टे, पेन्शनरांच्या बैठका, सोसायटीची सभा बऱ्या. घरी जायचं तर आधी वेळ घेऊन आणि ओळखपत्र लावून. मयताच्या घरी, दवाखान्याच्या बाकावर किंवा तेरावा व्हायच्या आत नाही. आणि सुतकाच्या घरातून निघताना सवयीने ‘येतो हं काका’ म्हणायचं नसतं, न बोलता उठायचं. सिमकार्ड विकणाऱ्या पोराला हे कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून इथे सांगितलं.

करार आणि कर

सहीच्या आधी कागदावर हे बघा. कमिशन नोंदणीवर लागू होतं की पैसे वसूल झाल्यावर? वसुलीवर असेल तर वसुली कुणी करायची? ग्राहकाने काम रद्द केलं तर दिलेलं कमिशन किती दिवसांपर्यंत परत कापतील? या परतीच्या कापाकापीतच विक्रेते कर्जात जातात: सुरुवातीचे दोन महिने ‘ॲडव्हान्स’ म्हणून १०,००० मिळतात, तो पगार वाटतो, आणि सहाव्या महिन्यात तो तुमच्या नावावर उधारी म्हणून उभा राहतो. नोकरी सोडल्यावर थकलेलं कमिशन किती दिवसांत देणार, तेही लिहून घ्या. पेट्रोल कुणाचं? रात्रीच्या फोनचे वेगळे मिळणार का? ग्राहकाचे पैसे फक्त कंपनीच्या खात्यात, कंपनीच्या पावतीवर. तुमच्या यूपीआयवर एक रुपयाही नको.

रुजू होण्यासाठी ‘किट’चे किंवा आयडीचे पैसे मागितले, किंवा खाली चार माणसं जोडली की त्यांच्या कमाईतला हिस्सा असं सांगितलं, तर तिथून उठा. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत प्रवेश फी घेणं बसत नाही आणि पिरॅमिड योजनेला सरळ बंदी आहे.

वॉर्डबॉय, शवागारातला माणूस, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर यांना ‘कळवल्याबद्दल’ ५०० द्यायची पद्धत तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवली जाईल. सरकारी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याला दिलेली ती लाच आहे, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी हे परवडत नाही. आज ५०० घेणारा उद्या शेजारच्याकडून ७०० घेऊन त्याला कळवतो.

कराचं सोपं आहे. वर्षाचं कमिशन २०,००० च्या वर गेलं की कंपनी २ टक्के टीडीएस कापते, पॅन दिला नाही तर २० टक्के. विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो. अंत्यविधी, दफन, दहन, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा जीएसटीच्या कक्षेबाहेर आहेत, त्यामुळे त्या बिलावर १८ टक्के लावलेले दिसले तर ऑफिसला विचारा. तुमचं कमिशन त्या सवलतीत येत नाही, पण वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत तुम्हाला नोंदणी लागत नाही.

देह उचलायला हात लावणार असाल तर हातमोजे नेहमी, आणि हिपॅटायटिस बी च्या तीन लशी घ्या: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. त्याचा खर्च कंपनीकडे मागायला लाजू नका.

मग सुटतं किती?

पहिले तीन महिने दोन-तीन कामांच्या वर अपेक्षा ठेवू नका. लोकांना तुमचा नंबर आठवायला तेवढा वेळ लागतो. पुढे महिन्याला सहा मयतं १,२०० प्रमाणे ७,२००, वाहतुकीच्या आठ फेऱ्या ४०० प्रमाणे ३,२००, दोन दगड १,५०० प्रमाणे ३,०००, दहा नोंदण्या १५० प्रमाणे १,५००. बेरीज १४,९००. पेट्रोल, फोन, चहापाणी ३,५०० गेले की हातात ११,४०० च्या आसपास. हे दर तुम्ही बोलून मिळवायचे आहेत, कंपनीने छापलेले नाहीत. यावर एकट्याचं भागेल, घर चालणार नाही. त्यामुळे सहा महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर विम्याचं जुनं काम चालू ठेवून हे करा. फक्त दोन्ही कामांच्या पिशव्या वेगळ्या ठेवा, मयताच्या घरी विम्याचं कार्ड निघू नये.

कंपनी ठरलेल्या रकमेला तयार झालीच नाही, तर शववाहिका चालवणाऱ्या एखाद्या जुन्या मालकाकडे फेरीमागे पैसे ठरवून काम मागा, किंवा मयताच्या सामानाच्या दुकानात सहा महिने बसा. सामान, माणसं आणि कागद हे तिन्ही तिथे शिकायला मिळतात, आणि माहितीपत्रक लागत नाही.